न्यू पाल्ट्झच्या ह्यूगेनॉट घराण्याचा मागोवा : नवख्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

धर्मामुळे फ्रान्स आणि त्याच्या उत्तर सीमेवरचा मुलूख सोडावा लागलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना ह्यूगेनॉट म्हणतात. त्यांतली काही इंग्लंड, हॉलंड आणि जर्मनीत स्थिरावली, काही आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केप वसाहतीत गेली, तर काहींनी अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेच्या वसाहतींत घरे बांधली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबात सुनेच्या किंवा जावयाच्या बाजूने अशा एखाद्या घराण्याशी नाते जुळलेले असू शकते, आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ नीट लिहून ठेवावी असे घरातल्या कोणाला तरी वाटते. हा लेख अशा नवख्या अभ्यासकासाठी आहे. उदाहरण म्हणून न्यूयॉर्क राज्यातील न्यू पाल्ट्झ या गावच्या लुई ड्यू बॉइस याचे घराणे घेतले आहे, कारण त्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याचे कागद उपलब्ध आहेत आणि नवखा माणूस जिथे फसतो त्या बहुतेक सगळ्या जागाही या एका घराण्यात भेटतात.

नियम एकच आहे, आणि तो कामाला हात घालण्यापूर्वीच पक्का करावा. कोणत्याही व्यक्तीचे तिच्या आईवडिलांशी असलेले नाते कागदाने सिद्ध झाल्याशिवाय त्या आईवडिलांच्या मागे जाऊ नये. आडनाव जुळते, गाव जुळते, छापील पुस्तकात तसे म्हटले आहे, ही तिन्ही कारणे शोध सुरू करायला पुरेशी आहेत. नाते मान्य करायला पुरेशी नाहीत.

आधी घराण्याचा काळ समजून घ्यावा

नांतच्या फर्मानाने १५९८ मध्ये फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि चौदाव्या लुईने ते ऑक्टोबर १६८५ मध्ये काढून घेतले. सर्वांत मोठे स्थलांतर त्या सुमारास झाले, म्हणून प्रत्येक ह्यूगेनॉट कुटुंब १६८५ नंतरच निघाले असावे असे नवखे अभ्यासक गृहीत धरतात आणि चुकीच्या दशकातले कागद चाळत बसतात. लुई ड्यू बॉइस त्याच्या कितीतरी आधी निघालेला होता. त्याचे मूळ गाव विक्र हे लील शहराजवळचे. तो मुलूख तेव्हा फ्रान्सच्या नव्हे, स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता, आणि तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रॉटेस्टंटांना वालून असेही म्हणत. तिथून तो राईन नदीवरच्या मानहाइमला गेला. पॅलाटिनेट (जर्मनमध्ये फाल्ट्स) संस्थानातले हे शहर त्या काळी निर्वासितांना आसरा देत होते. तिथे १६५५ मध्ये त्याने कॅथरीन ब्लांशान हिच्याशी लग्न केले. पुढे १६६० च्या सुमारास हे कुटुंब डचांच्या न्यू नेदरलँड वसाहतीत, हडसन नदीच्या काठी आजच्या किंग्स्टनच्या परिसरात आले. जून १६६३ मध्ये त्या भागातल्या मूळ रहिवासी इसोपस लोकांनी तिथल्या वस्त्यांवर हल्ला केला, तेव्हा पकडून नेलेल्या स्त्रिया आणि मुलांत कॅथरीनही होती. तिची सुटका सप्टेंबरमध्ये झाली. मे १६७७ मध्ये लुई आणि त्याच्या सोबत्यांनी इसोपसांशी जमिनीचा करार केला, २९ सप्टेंबर १६७७ रोजी गव्हर्नर एडमंड अँड्रॉस याने बारा जणांच्या नावे सुमारे ४०,००० एकरांची सनद दिली आणि पुढच्या वर्षी न्यू पाल्ट्झ वसले. ज्या पॅलाटिनेटने आसरा दिला त्याचेच नाव त्यांनी गावाला दिले. बारा सनदधारकांत ड्यू बॉइस, हॅसब्रूक, डेयो, बेव्हियर, लेफेव्हर, फ्रीर आणि क्रिस्पेल ही आडनावे आहेत. लुई १६९६ मध्ये वारला.

असा कालपट एका पानावर लिहून भिंतीला लावावा, कारण कोणत्या वर्षी कोणाचे राज्य होते, कारभाराची भाषा कोणती होती आणि नोंद कोण ठेवत होते, हे त्यावरूनच कळते.

आजपासून मागे चालावे

पहिले काम हयात माणसांपाशी आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीशी बोलून नावे, तारखा, गावे आणि माहेरची आडनावे टिपून घ्यावीत, आणि घरातले बायबल आवर्जून पाहावे. त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न आणि मृत्यू लिहिण्याची चाल अमेरिकेत मोठी होती. तिथे दोन गोष्टी तपासाव्यात : बायबल कोणत्या वर्षी छापले, आणि नोंदी एकाच शाईत व एकाच हाताने लिहिल्या आहेत का. छपाईच्या आधीच्या घटना त्यात असतील तर त्या कोणीतरी आठवणीने नंतर लिहिलेल्या आहेत, हे उघड आहे.

त्यानंतर सरकारी कागद. न्यूयॉर्क राज्यात जन्ममृत्यूची राज्यव्यापी नोंदणी १८८० च्या सुमारास सुरू झाली, त्यामुळे तिथपर्यंतचा प्रवास तुलनेने सोपा आहे. जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी लोकांसाठी खुली केली जाते. १८८० पासूनच्या जनगणनेत प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले आहे. १८५० ते १८७० या काळात घरातल्या सर्वांची नावे मिळतात, पण नाते मिळत नाही. १८४० आणि त्यापूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची वयोगटानुसार संख्या एवढेच हाती येते. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. न्यूयॉर्कने स्वतः १८५५ मध्ये घेतलेली राज्य जनगणना मात्र विसरू नये, कारण राज्यात जन्मलेल्यांचा जन्म कोणत्या काउंटीत झाला हे तीत नोंदवलेले आहे.

खरी अडचण १७८० ते १८५० या काळात येते. या सत्तर वर्षांत कुटुंबे सतत पश्चिमेकडे सरकत होती आणि एका गावच्या चर्चमधून दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जात होती. इथे मृत्युपत्रे आणि जमिनीची खरेदीखते कामाला येतात. बापाने कोणत्या मुलाला किती जमीन दिली, विवाहित मुलीचे नाव जावयाच्या नावासह कसे घेतले, वाटणीच्या कागदावर वारसांपैकी कोणी सह्या केल्या, यातून दोन पिढ्या एका ओळीत बांधल्या जातात. न्यू पाल्ट्झ आणि किंग्स्टन ज्या अल्स्टर काउंटीत येतात, तिचे असे दप्तर किंग्स्टनला आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फाइली हा तितकाच मोलाचा साठा आहे. विधवेला लग्न सिद्ध करावे लागे, म्हणून अनेकींनी कौटुंबिक बायबलची पाने फाडून अर्जाला जोडली, आणि ती पाने आजही त्या फाइलींत आहेत. सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर यातले पुष्कळ कागद विनामूल्य पाहता येतात. मात्र तिथली इतर सभासदांनी जोडलेली वंशावळीची झाडे आणि मूळ कागदांच्या प्रतिमा यांत फरक करावा. झाड पाहून दिशा घ्यावी आणि प्रतिमा पाहूनच नोंद करावी.

किंग्स्टन आणि न्यू पाल्ट्झच्या चर्चची दप्तरे

वसाहतकाळात शिरल्यावर सगळा भार चर्चच्या नोंदवह्यांवर येतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. किंग्स्टनच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदी १६६० पासून आहेत. त्या १८९१ मध्ये छापल्या गेल्या, म्हणून नवख्यालाही त्या वाचणे शक्य होते. न्यू पाल्ट्झचे स्वतःचे चर्च १६८३ मध्ये पिएर दाइए या धर्मोपदेशकाच्या हातून स्थापन झाले. तिथल्या नोंदी आधी फ्रेंचमध्ये, पुढे डचमध्ये आणि अखेर इंग्रजीत आहेत. भाषा बदलत गेली तसा वस्तीचा शेजार आणि सोयरिका कशा बदलल्या, हेही त्यावरून दिसते. न्यू पाल्ट्झमध्ये अपेक्षित बाप्तिस्मा सापडला नाही तर निराश न होता किंग्स्टनची वही उघडावी.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, आईवडिलांची नावे, बाळाचे नाव आणि साक्षीदार असा क्रम असतो. डच प्रथेप्रमाणे विवाहित स्त्री कागदावर माहेरचेच नाव लावी. लुईचा मुलगा जेकब याचा बाप्तिस्मा ऑक्टोबर १६६१ मध्ये आणि मुलगी सारा हिचा सप्टेंबर १६६४ मध्ये किंग्स्टनला झाला, आणि अशा नोंदींत आई ड्यू बॉइस म्हणून नव्हे तर ब्लांशान म्हणून येते. इंग्रजी वसाहतींतल्या बहुतेक नोंदवह्यांत आई केवळ पाळण्यातल्या नावाने उल्लेखिली जाते, किंवा तेही नसते. इथे मात्र आजोळचे घराणे आपोआप कळते. एकाच नावाचे दोन आयझॅक किंवा तीन जेकब एकाच दशकात बाप होत असतील, तर त्यांना वेगळे करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बायकोचे माहेरचे आडनाव. साक्षीदारांचीही नावे वगळू नयेत. ते बहुधा आजीआजोबा, काका, मामा, मावश्या असतात, आणि एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे साक्षीदार एका तक्त्यात मांडले की दोन्ही बाजूंची भावंडे समोर येऊ लागतात.

नाव ठेवण्याच्या प्रथेवर मात्र फार विसंबू नये. पहिल्या दोन मुलांना दोन्ही आजोबांची नावे द्यायची, अशी रीत डच आणि वालून घरांत होती, आणि तिच्या आधारावर अनेकांनी पूर्वजांची नावे तर्काने ठरवली आहेत. लुईच्या बापाचे नाव क्रेतियां आणि सासऱ्याचे मॅथ्यू होते, पण त्याच्या पहिल्या दोन मुलांची नावे अब्राहम आणि आयझॅक आहेत. मॅथ्यू हे नाव या घरात येते ते थेट १६७९ च्या सुमारास जन्मलेल्या सर्वांत धाकट्या मुलाला. रीत हाताशी धरून शोध घ्यावा. पुरावा म्हणून ती कधीही लिहू नये.

आडनावांची रूपे आणि तारखांचा घोळ

फ्रेंच नाव डच कारकुनाने ऐकून लिहिले, त्याच्या मुलाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिले, आणि घरातल्या कोणालाच शुद्धलेखनाची फिकीर नव्हती. ड्यू बॉइस हे आडनाव एक शब्द आणि दोन शब्द अशा दोन्ही प्रकारे येते, फ्रीर हे मूळचे फ्रेर, क्रिस्पेल हे क्रेस्पेल आणि डेयो हे डोयो असेही दिसते. पाळण्यातली नावेही बदलतात : ज्याँ हा यान होतो आणि पुढे जॉन, पिएर हा पीटर, जाक हा याकोबस आणि मग जेम्स. बॉस्टनमध्ये आलेल्या अपोलॉस रिव्हॉयर या ह्यूगेनॉट सोनाराने आपले नाव पॉल रिव्हिअर करून घेतले, आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा स्वातंत्र्ययुद्धात प्रसिद्ध झाला. शोधपेटीत एकच रूप टाकून थांबू नये. सापडलेल्या प्रत्येक रूपाची वेगळी यादी ठेवावी आणि कागदात जसे लिहिले असेल तसेच उतरवावे.

इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत सप्टेंबर १७५२ पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते आणि कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या बऱ्याचशा भागातल्या तारखांना वर्षाचा घोळ होतो. धाकट्या पॉल रिव्हिअरचा बाप्तिस्मा बॉस्टनच्या वहीत २२ डिसेंबर १७३४ चा आहे, आणि नव्या कॅलेंडरने तोच दिवस जानेवारी १७३५ मध्ये पडतो. डच वसाहतीत मात्र नवे कॅलेंडर वापरात होते, आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी ती वसाहत घेतली. म्हणून तारीख जशी आहे तशी लिहावी आणि कॅलेंडरविषयीची टीप शेजारी द्यावी; मनाने तारीख सुधारू नये.

समुद्रापलीकडचा दुवा

अमेरिकेतल्या पहिल्या पिढीपासून युरोपातल्या शेवटच्या पिढीपर्यंत जाणे हे या कामातले सर्वांत अवघड अंतर आहे. ड्यू बॉइस घराण्याच्या बाबतीत ते एका नोंदीने पार होते. मानहाइमच्या फ्रेंच चर्चच्या वहीत १० ऑक्टोबर १६५५ च्या विवाहात वर हा ला बासेजवळच्या विक्र गावच्या दिवंगत क्रेतियां ड्यू बॉइस याचा मुलगा, आणि वधू ही मानहाइमचा नागरिक मॅथ्यू ब्लांशान याची मुलगी असल्याचे लिहिले आहे. किती गोष्टी हाती आल्या ते पाहावे : वराचे गाव, बापाचे नाव, बाप १६५५ पूर्वी वारला ही माहिती, आणि सासरा तिथेच राहत असल्याचा दाखला. तोच सासरा १६६० मध्ये 'गिल्डेड ऑटर' या जहाजाने न्यू नेदरलँडला आल्याची नोंद आहे, आणि त्याच जहाजावर त्याचा जावई अँटनी क्रिस्पेल हाही होता. असे नातेवाइकांचे जाळे जुळते तेव्हा दोन किनाऱ्यांवरची माणसे एकच आहेत असे ठामपणे म्हणता येते.

क्रेतियांच्या मागे मात्र थांबावे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत छापल्या गेलेल्या वंशावळींनी या घराण्याला नॉर्मन सरदारांपर्यंत नेऊन पोचवले आहे आणि कुलचिन्हेही जोडली आहेत. त्या मधल्या पिढ्यांना कागद नाहीत. तीन भाऊ एकत्र आले आणि तीन दिशांना गेले, ही कथाही अनेक घराण्यांत जशीच्या तशी आढळते, आणि तिच्याकडे तितक्याच सावधपणे पाहावे.

ज्यांचे पूर्वज १६८५ नंतर निघाले, त्यांची वाट वेगळी आहे. फ्रान्समध्ये १६८५ ते १७८७ या काळात प्रॉटेस्टंटांची कायदेशीर नोंद होत नव्हती, म्हणून तिथे राहिलेली भावंडे सक्तीने कॅथलिक झालेल्यांच्या नोंदींत शोधावी लागतात. पळून गेलेल्यांच्या जप्त मालमत्तेचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पॅरिसमध्येच फ्रेंच प्रॉटेस्टंट इतिहासाची १८५२ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि तिचे ग्रंथालय आहे. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील फ्रेंच चर्चच्या आणि हॉलंडमधील वालून चर्चच्या नोंदी हे मधले थांबे आहेत, कारण बहुतेक कुटुंबे फ्रान्समधून थेट अमेरिकेत गेली नाहीत.

मूळ पुरुषापासून खाली उतरताना

पूर्वज शोधणे ही एक दिशा झाली. वंशज शोधायचे तर मूळ पुरुषापासून प्रत्येक मुलाची शाखा खाली न्यावी लागते, आणि इथे दोन गटांवर छापील वंशावळींनी सर्रास अन्याय केला आहे.

पहिला गट मुलींचा. आडनाव पुढे चालत नाही म्हणून मुलीची शाखा लग्नापाशी तोडून टाकली जाते. सारा ड्यू बॉइस हिने १६८२ मध्ये योस्ट यान्सेन व्हॅन मेटरेन याच्याशी लग्न केले. हे कुटुंब पुढे न्यू जर्सीकडे सरकले, आणि तिच्या मुलांपैकी जॉन याने भाऊ आयझॅक याच्यासह १७३० मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरकडून शेनांडोआ खोऱ्यात जमिनीची सनद मिळवली. व्हॅन मीटर या आडनावाखाली पश्चिमेकडे पसरलेले हे लोक लुई ड्यू बॉइसचे तितकेच वंशज आहेत, पण ड्यू बॉइस आडनाव शोधणाऱ्याला ते कधीच दिसणार नाहीत. प्रत्येक मुलीचे लग्न, जावयाचे नाव आणि किमान पुढची एक पिढी नोंदवावीच.

दुसरा गट गुलामगिरीत ठेवलेल्या कृष्णवर्णीय माणसांचा. न्यू पाल्ट्झच्या ह्यूगेनॉट कुटुंबांनी स्वतः छळ सोसला होता, तरीही त्यांनी आफ्रिकी वंशाच्या स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून राबवले. हे त्यांच्या मृत्युपत्रांत, मालमत्तेच्या यादीत आणि १७९० च्या जनगणनेत स्पष्ट दिसते. न्यूयॉर्कच्या १७९९ च्या कायद्याने ४ जुलै १७९९ नंतर गुलाम स्त्रीला झालेल्या मुलांच्या जन्माची नोंद मालकाने गावच्या दप्तरात करणे बंधनकारक केले, आणि न्यू पाल्ट्झची तशी वही टिकून आहे. राज्यातली गुलामगिरी १८२७ मध्ये संपली. त्यानंतर मुक्त झालेल्या अनेकांनी ड्यू बॉइस, हॅसब्रूक अशीच आडनावे लावली. त्यांतल्या प्रत्येकाचे मालकाच्या घराण्याशी रक्ताचे नाते असेलच असे नाही, आणि नसेलच असेही नाही. दोन्ही बाबतींत कागद पाहूनच बोलावे. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या कार्यकर्त्या सोजर्नर ट्रूथ याच अल्स्टर काउंटीत गुलाम म्हणून जन्मल्या, आणि ज्या जॉन ड्यूमाँटकडून त्या १८२६ मध्ये निघून गेल्या त्याचे घर न्यू पाल्ट्झच्याच हद्दीत होते. घराण्याच्या कागदांत अशी नावे आढळली तर ती वगळू नयेत, कारण त्या माणसांच्या वंशजांना त्यांच्या पूर्वजांचा दुसरा कागद कदाचित मिळणारच नाही.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपला वंश न्यूयॉर्कच्या याच ह्यूगेनॉट घराण्याशी जोडला आहे. त्यांचे आजोबा अलेक्झांडर १८०३ मध्ये बहामा बेटांवर जन्मले, आणि अलेक्झांडर यांचे वडील जेम्स हे श्वेतवर्णीय, हडसनकाठच्या पकिप्सी गावच्या कुटुंबातले होते. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी त्या पत्राला उत्तर दिले होते.

डीएनए चाचणी कितपत उपयोगी

लुई ड्यू बॉइस आजच्या वंशजापासून दहा-बारा पिढ्या मागे आहे. दहाव्या पिढीत पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात आणि त्यांतल्या कित्येकांचा अंशही आजच्या माणसाच्या जनुकांत उरलेला नसतो. शिवाय न्यू पाल्ट्झच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच सोयरिका केल्या, त्यामुळे चाचणीत दिसणारे नाते प्रत्यक्षाहून जवळचे भासते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी मात्र सलग पुरुष शाखेसाठी उपयोगी आहे. दोन ड्यू बॉइस शाखा एकाच मूळ पुरुषाच्या आहेत का, हे तिने तपासता येते.

लिहून ठेवण्याची पद्धत

प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्यावा. मूळ पुरुषाला १, त्याच्या मुलांना १.१, १.२, आणि दुसऱ्या मुलाच्या तिसऱ्या अपत्याला १.२.३ अशी पद्धत नवख्यासाठी सर्वांत सोयीची, कारण क्रमांक पाहताच पिढी आणि शाखा कळते. प्रत्येक नात्यापुढे त्याचा आधार लिहावा : कोणती वही, कोणते वर्ष, मूळ पान पाहिले की छापील प्रत. ह्यूगेनॉट वंशजांच्या संस्थांमध्ये सभासदत्व हवे असेल तर प्रत्येक पिढीचा असाच कागद मागितला जातो. न्यूयॉर्कची अशी संस्था १८८३ पासून आणि चार्ल्सटनची १८८५ पासून काम करीत आहे. पुरावा अपुरा असलेल्या नात्याला 'संभाव्य' आणि केवळ कौटुंबिक कथेवर उभे असलेल्याला 'ऐकीव' असे स्पष्ट लिहावे आणि त्या शब्दांपुढची शाखा वेगळ्या कागदावर ठेवावी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते सार्वजनिक प्रतीत घालू नयेत. काम एका टप्प्याला आले की त्याची एक प्रत न्यू पाल्ट्झच्या एल्टिंग ग्रंथालयातील स्थानिक इतिहासाच्या संग्रहाला किंवा ह्यूगेनॉट स्ट्रीटवरील संग्रहालयाच्या अभिलेखागाराला पाठवता येते का, याची चौकशी करावी, आणि पाठवताना 'संभाव्य' हे शिक्के पुसू नयेत.